कार्बन आधी

वयाने बघितलं तर धाकटे थोरल्यांपेक्षा मोठे होते. दोघांचे जन्मदाखले समोरासमोर ठेवले असते तर वादाला जागाच उरली नसती. पण सासरी जावयाचं वय जन्मतारखेवरून धरत नाहीत, बायको कितवी यावरून धरतात. थोरल्या मुलीचा नवरा तो थोरला, धाकटीचा तो धाकटा. त्यामुळे डोक्यावरचे निम्मे केस गेले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटे ते धाकटेच राहिले आणि डोकंभर काळे केस मिरवत थोरले ते थोरले. सासरे तर दोघांची नावं विसरले असावेत अशी धाकट्यांना दाट शंका होती.

सासरी चहाचा ट्रे आला की पहिला कप थोरल्यांना. पंख्याखालची खुर्ची थोरल्यांना. वर्तमानपत्र उघडलं की सासरे पहिलं पान काढून थोरल्यांच्या हातात देत, आतली पानं स्वतः ठेवत, आणि शेवटी हवामान आणि छोट्या जाहिरातींचं पान धाकट्यांकडे सरकवत. गेली कित्येक वर्षं धाकट्यांनी जगाची बातमी अशी वाचलीच नव्हती. उद्या पाऊस पडेल का आणि जुना फ्रिज कुणाला हवाय, एवढंच त्यांना ठाऊक असायचं.

आता धाकटे काही कमी शिकलेले नव्हते. समुद्र-संशोधन संस्थेत ते रसायनशास्त्रज्ञ होते. हवेतला कार्बन समुद्र गिळत असतो आणि त्यामुळे कणाकणाने आंबट होत असतो. त्याने कार्बन किती गिळला आणि तो किती आंबट झाला, हे धाकटे मोजत. काम जगाच्या भल्याचं, पण घरातल्या कुणाच्या उपयोगाचं नाही. थोरले माती-परीक्षण प्रयोगशाळेत. त्यांनी सासऱ्यांच्या गच्चीवरल्या कुंड्यांतली माती तपासून एक चिमूट काहीतरी टाकायला सांगितलं, आणि मरायला टेकलेलं गुलाबाचं झाड असं काही बहरलं की सासरे येईल त्याला गच्चीवर नेऊन दाखवत. धाकट्यांनी एकदा सासऱ्यांना समुद्राची क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची त्याची ताकद, समजावून सांगितली होती. सासरे शेवटपर्यंत ऐकत होते, पण डोळे मिटून.

जगात एकच जागा अशी होती, जिथे धाकटे धाकटे नव्हते. ती म्हणजे संस्थेचं जहाज. तिथे ते 'सर' होते. पुढच्या वर्षीच्या लांबच्या मोहिमेचं प्रमुखपद यंदा ठरायचं होतं. यंदाच्या मोहिमेच्या प्रमुख बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धाकट्यांचंच नाव होतं. धाकट्यांनी हे फक्त बायकोला सांगितलं होतं. बायकोने ते फक्त जिन्यातल्यांना सांगितलं होतं.

आणि एवढं सगळं जुळत आलेलं असताना माणसाने सासरच्या जेवणाच्या टेबलावर तोंड बंद ठेवायला काय हरकत होती? पण नाही. यंदा आमची मोहीम अडलीय, असं धाकट्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं. पाण्यातली पोषकद्रव्यं मोजणारा आमचा माणूस कंबर धरून अंथरुणाला खिळलाय, आणि असली माणसं काही रस्त्यावर पडलेली नसतात. त्यावर थोरल्यांनी शांतपणे तोंड पुसलं आणि विचारलं, "पोषकद्रव्यं म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेटच ना? आम्ही मातीत तेच काढतो की."

सासऱ्यांच्या हातातला चमचा जागच्या जागी थांबला. धाकट्यांच्या घशात बटाटा अडकला. आकडसासूबाईंनी, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीने, नवऱ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की तशी नजर धाकट्यांच्या वाट्याला लग्नाच्या फोटोतही आलेली नव्हती. जेवण संपेपर्यंत थोरल्यांनी जहाजावर कुठले बूट घालायचे यावर चर्चा पोचली होती.

धाकट्यांची सगळी भिस्त ऑफिसवर होती. ऑफिस बाहेरच्या माणसाला सुखासुखी परवानगी देणारच नाही, याची त्यांना खात्री होती. अनुभवच तसा होता. पाणी ढवळायच्या एका साध्या यंत्राची दुरुस्ती त्यांनी मागितली, तेव्हा ती मंजूर होईपर्यंत यंत्र भंगारात जाऊन त्या जागी कुणीतरी छत्र्या ठेवायला लागलं होतं. पण थोरल्यांचा अर्ज ज्या टेबलावर गेला त्या टेबलाच्या हेडक्लार्कबाईंच्या गच्चीवरही कुंड्या होत्या. त्या कुंड्यांची माती कुणी तपासली होती हे वेगळं सांगायला नको. मंजुरीचा कागद धाकट्यांच्या हातूनच थोरल्यांना पोचवण्यात आला, वर हेडक्लार्कबाईंचा नमस्कारही.

मग शेजार सुरू झाला. वीस वर्षं धाकटे समुद्रावर जात होते, पण कुणी कधी निरोप द्यायला दारात आलं नव्हतं. यंदा रांग लागली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर आले आणि बोट लागू नये म्हणून क्षितिजाकडे टक लावून बघायचं असतं असं सांगून गेले. समोरच्या शिंप्याने पोटावर घट्ट पट्टा बांधायला सांगितला. औषधाच्या दुकानदाराने तर गोळ्या घरपोच दिल्या. धाकट्यांना क्षणभर भरून आलं. मग कळलं की हे सगळं थोरल्यांसाठी आहे. त्यांना पहिलीच खेप, तेव्हा सांभाळून घ्या, असं प्रत्येक जण धाकट्यांना बजावत होता. बायकोने आल्याच्या वड्यांच्या दोन पुड्या केल्या. मोठी भाऊजींसाठी होती.

धाकट्यांना दर खेपेला बोट लागायची. पहिले काही दिवस ते बादलीशी एकनिष्ठ असत. हे घरात कुणाला माहीत नव्हतं. पण आता थोरल्यांनाही लागणार, आणि आपल्यापेक्षा जास्त लागणार, या कल्पनेने त्यांना जरा बरं वाटत होतं. पाप आहे हे कळत होतं, तरी वाटत होतं.

बंदराच्या फाटकावरच पहिला अपशकुन झाला. धाकट्यांच्या पेटीत पाऱ्याच्या विषाची छोटी बाटली होती. समुद्राच्या पाण्यात बारीकसारीक जीव असतात, ते बाटलीत श्वास घेत बसले तर कार्बनचा आकडा बदलतो, म्हणून प्रत्येक नमुन्यात या विषाचा थेंब टाकावा लागतो. पेटीवर कवटीचं चित्र होतं. पहारेकऱ्याने चित्र बघितलं, धाकट्यांचं तोंड बघितलं आणि त्यांना बाजूला बसवून ठेवलं. तेवढ्यात थोरले आले. पेट्यांत काय आहे असं विचारल्यावर ते म्हणाले, झाडांना लागतं तसलं. पहारेकऱ्याच्या घरी कढीपत्त्याचं रोप होतं आणि ते वाढत नव्हतं. धाकटे आपल्या विषाच्या पेटीवर बसून तो सल्ला पूर्ण होईपर्यंत थांबले.

जहाज निघालं आणि धाकटे बादलीला जाऊन भेटले. थोरले डेकवर उभे राहून केळं खात होते. त्यांना काही म्हणजे काही झालं नाही. उलट ते दर तासाला धाकट्यांच्या केबिनमध्ये डोकावून आल्याची वडी देऊन जात, मोठ्या पुडीतली.

धाकटे उठून बसेपर्यंत थोरल्यांचं यंत्र जहाजावरचं प्रेक्षणीय स्थळ झालेलं होतं. यंत्रच तसं होतं मेलं. एका गोल तबकात पाण्याचे छोटे कप मांडायचे. तबक आपोआप फिरायचं, एक बारीक नळी प्रत्येक कपातलं पाणी शोषून घ्यायची आणि तीन वाटांनी आत सोडायची. फॉस्फेट आणि सिलिकेटच्या नळ्यांत पाणी निळं व्हायचं, नायट्रेटच्या नळीत गुलाबी. काचेच्या नळ्यांतून निळं-गुलाबी पाणी धावतंय आणि थोरले हात मागे बांधून बघताहेत, असं ते दृश्य. कॅप्टनने तिथे फोटो काढून घेतला. स्वयंपाकी पोळी लाटायची सोडून बघायला आला. आणि यंत्र स्वतःच चालत असल्यामुळे थोरले वेळेवर जेवायला जायचे, याचाही धाकट्यांना मनस्वी त्रास व्हायचा.

धाकट्यांच्या प्रयोगात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पाण्यात थेंब थेंब आम्ल सोडायचं आणि पडद्यावरचा आकडा बघत राहायचं. रंग नाही, रूप नाही. एकदा कॅप्टन चुकून त्यांच्या खोलीत आला. थोडा वेळ थेंबाकडे बघत उभा राहिला आणि नळ गळतोय का असं विचारून गेला.

पण एक गोष्ट होती. समुद्रातून पाणी कसं काढतात ते इथे सांगायला हवं, कारण धाकट्यांचा सगळा जीव त्यातच अडकलेला होता. लोखंडी कड्यावर उभी नळकांडी बांधून ती दोराने खोल सोडतात. ठरलेल्या खोलीवर एकेका नळकांड्याची झाकणं मिटतात आणि तिथलं पाणी आत कोंडून वर येतं. वर आल्यावर सगळे आपापल्या बाटल्या घेऊन तोट्यांशी रांग लावतात, आणि त्या रांगेचा क्रम जगभर पाळला जातो. ज्याला हवा लागली की बिघडतं तो आधी. म्हणून पहिली ऑक्सिजनवाली मुलगी. तिच्यामागे कार्बन. त्याच्यामागे पोषकद्रव्यं, कारण फॉस्फेटला हवा लागली काय नि नाही काय, सारखंच. शेवटी मीठ मोजणारा.

म्हणजे बघा, कार्बन आधी, पोषकद्रव्यं नंतर. पृथ्वीच्या पाठीवर ही एकच रांग अशी होती, जिच्यात धाकटे पुढे होते आणि थोरले मागे. पहिल्या वेळी धाकट्यांनी मागे वळून बघितलं. छोट्या बाटल्यांची परडी घेऊन थोरले आपली पाळी यायची वाट बघत उभे होते. धाकट्यांची मळमळ त्या क्षणी थांबली.

मग त्यांनी वेळ काढायला सुरुवात केली. बाटलीत बुडबुडा राहू नये म्हणून ती तळापासून भरतात, आणि भरल्यावरही तिच्याएवढंच पाणी वरून वाहू देतात. तेवढं पुरतं. धाकटे दुप्पट वाहू द्यायला लागले, मग तिप्पट. थोरले परडी घेऊन उभेच. थोरल्यांच्या कपाळावर एखादी आठी दिसावी एवढीच धाकट्यांची माफक अपेक्षा होती. पण थोरले उलट ऑक्सिजनवालीला म्हणाले, बघून घ्या, किती जपून काम करतात आमचे धाकटे. झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळं जहाज त्यांना धाकटे म्हणायला लागलं. कॅप्टनसुद्धा. धाकट्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

मोहिमेतली सगळ्यात खोल जागा आली. बाईंचा सगळा अहवाल या जागेवर उभा होता. इथे तळाशी पाणी किती आंबट झालंय, हे त्यांना हवं होतं. ते दोन वाटांनी काढायचं होतं. एकदा कड्यालाच बांधलेल्या यंत्राने थेट मोजून आणि एकदा धाकट्यांच्या कार्बनच्या आकड्यांवरून गणिताने. दोन्ही उत्तरं जुळली की काम पक्कं. "तळ जुळवून दाखवा, पुढची मोहीम तुमची," असं बाईंनी धाकट्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

नळकांडी वर आली. तळाची दोन होती, पण एकाचं झाकण अडकलेलं, म्हणजे तळाचं पाणी एकाच नळकांड्यात. वारा वाढत होता, पुन्हा दोर सोडणं शक्य नव्हतं. ऑक्सिजनवालीने आपलं पाणी घेतलं. धाकट्यांनी एक बाटली भरली, दुसरी लावली. आणि सहज नजर वर गेली.

पलीकडे कठड्याशी बाई आणि थोरले बोलत होते. वारा उलटा असल्यामुळे शब्द येत नव्हते, नुसतं दिसत होतं. बाई काहीतरी विचारत होत्या. थोरले मान हलवत होते. मग बाई हसल्या. बाई हसतात हे धाकट्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. मग बाईंनी थोरल्यांशी हात मिळवला. कशाबद्दल मिळवला असेल? अभिनंदनाबद्दलच ना? आणि अभिनंदन कशाचं करतात? घरातली खुर्ची गेली, चहा गेला, वर्तमानपत्र गेलं, आता समुद्रही जाणार. धाकटे बघत राहिले, मान लांब करून, जळत.

ऑक्सिजनवाली ओरडली तेव्हा त्यांचे बूट आतपर्यंत भिजले होते. तोटीतून हवा सुटल्याचा आवाज येत होता. नळकांडं रिकामं झालं होतं.

थोरले परडी घेऊन आले, तोटी दाबून बघितली, थेंब आला नाही. मीठवाला डोक्याला हात लावून बसला. आता या वेळी माणसाने चुकलो म्हणावं की नाही? पण स्वाभिमान नावाची चीज अशा वेळीच जागी होते. एका खोलीचं फॉस्फेट नसलं तर काही समुद्र आटत नाही, असं काहीतरी धाकटे बोलून गेले आणि बूट फचफचवत आत निघून गेले. हरकत नाही, असं थोरले मागून म्हणाल्याचं त्यांना ऐकू आलं.

समुद्र आटला नाही, पण गणित अडलं. धाकट्यांनी नमुने मोजले, एक बाटली संपवली, दुसरी जोडीची म्हणून विष टाकून राखून ठेवली आणि आकडे कॉम्प्युटरला दिले. कॉम्प्युटरने दोन चौकटी लाल करून दाखवल्या. फॉस्फेट किती? सिलिकेट किती? खोल पाण्याची क्षारता या दोघांवाचून सुटत नाही, हे धाकट्यांना माहीत नव्हतं असं थोडंच आहे? ते दुसऱ्यांना शिकवत होते. पण एरवी ते आकडे नंतर निवांत घरी मिळत, आणि मत्सराच्या भरात त्यांची आठवण कुणाला राहते? थोडक्यात काय, थोरल्यांचं पाणी सांडलं म्हणून जो थोडासा आनंद झाला होता, तो धाकट्यांनी स्वतःचाच गळा दाबून मिळवलेला होता.

थोरल्यांकडे जाऊन, जरा माझं एवढं मोजून द्या, असं म्हणायचं? त्यापेक्षा परत बादली बरी. धाकटे दुपारपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. जेवणाची वेळ झाली आणि थोरले नेहमीप्रमाणे यंत्र चालू ठेवून जेवायला गेले. धाकट्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तबकात शेवटचे काही कप रिकामे असतात. त्यातल्या एकात आपल्या राखलेल्या बाटलीतलं पाणी ओतायचं, यंत्र मुकाट्याने मोजेल, आपण आकडा बघायचा आणि निघून यायचं. कुणाला काही विचारायला नको, कुणाचे उपकार नकोत.

त्यांनी तसंच केलं. नळी फिरत फिरत आली, धाकट्यांच्या कपात उतरली. फॉस्फेटचं निळं आलं. सिलिकेटचं निळं आलं. धाकट्यांनी आकडे तळहातावर लिहून घेतले. मग गुलाबी यायची वेळ झाली, आणि गुलाबी आलंच नाही.

नायट्रेटची वाट आधी कॅडमियमच्या नळीतून जाते, आणि कॅडमियमच्या नळीला पारा लागला की तिने मान टाकलीच म्हणून समजा. त्या बाटलीत विषाचा थेंब होता, आणि तो धाकट्यांनी स्वतःच्या हाताने टाकलेला होता. पाऱ्याचा धोका या विषयावर त्यांनी संस्थेत दोनदा व्याख्यान दिलं होतं.

ते दारापर्यंत पोचतात तोच कॅप्टन आत आला, बायकोला व्हिडिओवर गुलाबी नळी दाखवायला. मग थोरले आले, बाई आल्या, ऑक्सिजनवाली आली. नळीतलं पाणी पाण्यासारखं वाहत होतं. थोरल्यांनी सगळे पाइप तपासले, सगळ्या बाटल्या हुंगल्या. त्यांचा चेहरा उतरला. धाकट्यांनी तो उतरलेला चेहरा आयुष्यात प्रथमच बघितला, आणि खोटं कशाला बोला, पहिला क्षणभर फार बरं वाटलं. आता नुसतं गप्प राहायचं होतं. थोरले आपोआप खाली जाणार होते, धाकटे आपोआप वर.

थोरले बाईंपुढे उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले, "चूक माझीच असणार. मी मातीतला माणूस. समुद्राचं पाणी मला अजून कळलेलं नाही."

आणि काय सांगावं! बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. कॅप्टनने थोरल्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऑक्सिजनवाली म्हणाली, एवढ्या मोठ्या मनाने चूक घेणारा माणूस मी बघितला नाही. स्वयंपाक्याने कुठूनसा चहा आणला, पहिला कप थोरल्यांना. धाकटे कोपऱ्यातून हे सगळं बघत होते आणि त्यांच्या डोक्यात घण पडत होते. चूक माझी. विष माझं. जोखीम माझी. आणि कौतुक यांचं? निदान माझा मूर्खपणा तरी माझ्या नावावर राहू दे की! घरात एवढं सगळं दिलं, आता हेही द्यायचं?

"थांबा," धाकटे म्हणाले. "तो पारा माझा आहे."

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर आलं. कप, बाटली, लाल चौकटी. बाईंनी विचारलं की मुळात तोटी उघडी कशी राहिली. यांच्याकडे बघत होतो म्हणून, असं धाकटे म्हणाले. का बघत होतात, असं बाईंनी विचारलं.

"जळत होतो," धाकटे म्हणाले. "घरी मी यांच्या मागे, सगळीकडे मागे. ही एकच जागा होती. तुम्ही यांच्याशी हात मिळवलात, मला वाटलं तीही गेली."

थोरले हळूच स्टुलावर बसले. त्यांचे कान लाल झाले होते. मग त्यांनी जे सांगितलं ते धाकट्यांनी पुढे अनेक वर्षं मनातल्या मनात परत परत ऐकलं.

"मी इथे आलो का, विचारा ना. जळूनच आलो. आमच्या घरी रोज तुमचं नाव असतं. धाकटे बघा, कुठे कुठे जाऊन येतात, तुम्ही कुंड्यांतून बाहेर पडा. आणि सासऱ्यांचं काय सांगू. तुम्ही समुद्रावर असलात की ते हवामानाचं पान कुणाला हात लावू देत नाहीत. भिंग घेऊन वाऱ्याचा वेग वाचत बसतात. पहिलं पान त्यांना नको असतं, म्हणून ते मला देतात."

धाकट्यांनी थोरल्यांकडे बघितलं. कुणीतरी आपल्यावर जळतं, आणि तेही हा माणूस! एवढा निर्भेळ आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता. डोळे भरून आले ते त्यांनी पाऱ्याच्या वाफेवर ढकललं. पारा तिथे बाटलीत बंद होता, पण कुणी हटकलं नाही.

थोरल्यांनी कॅडमियमची जादा नळी आणलेली होती. दोघांनी मिळून ती बसवली आणि गुलाबी परत वाहायला लागलं. तळहातावरचे निळे आकडे पाण्याने थोडे पुसले होते, पण थोरल्यांच्या यंत्राने ते टिपून ठेवलेच होते. लाल चौकटी भरल्या. गणिताचं उत्तर आणि थेट मोजलेलं उत्तर, दोन्ही जुळली. तळ लागला. बाईंनी दोनदा पडताळून बघितलं आणि पुढच्या वर्षीचं प्रमुखपद धाकट्यांना दिलं. जो माणूस आपली चूक दुसऱ्याला घेऊ देत नाही तोच जहाज सांभाळू शकतो, असं त्या म्हणाल्या. खरं कारण धाकट्यांनी त्यांना सांगितलं नाही. दोन अटी मात्र बाईंनी घातल्या. पोषकद्रव्यांना थोरलेच यायला हवेत. कठड्याशी त्या दिवशी त्यांनी तेवढंच विचारलं होतं आणि थोरल्यांनी हो म्हटलं होतं. आणि तोटीपाशी धाकट्यांशेजारी एक शहाणं माणूस कायम उभं राहील.

परत आल्यावर पहिलाच चहा सासरी होता. बातमी आधी पोचलेली होती, म्हणजे पोचायची तशी पोचलेली होती. थोरले सोबत होते म्हणून धाकट्यांचं काम झालं, असं सासऱ्यांनी पोस्टमास्तरांनाही फोन करून कळवलं होतं. धाकट्यांची नजर सासऱ्यांच्या खुर्चीशेजारच्या टेबलावर होती. तिथे भिंग होतं, आणि त्याखाली हवामानाची पानं नीट घडी घालून रचून ठेवलेली होती.

ट्रे आला आणि सवयीने थोरल्यांपुढे थांबला. थोरल्यांनी हात पुढे केला नाही.

"आधी धाकटे," ते म्हणाले. "कार्बन आधी, पोषकद्रव्यं नंतर. आमच्यात तसा नियम आहे."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आकडसासूबाईंनी नवऱ्याकडे परत तशीच नजर टाकली. धाकट्यांची बायकोसुद्धा भाऊजींकडेच बघत होती. सासरे म्हणाले, "बघा, याला म्हणतात थोरलेपण."

धाकट्यांनी त्या घरातला आपला पहिलावहिला 'पहिला कप' उचलला आणि घोट घेतला. चहा कडक होता, गरम होता, आणि त्यांच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.